एक फूट आठ इंच

माझ्या सासूबाई आमच्या घरी राहायला येऊ शकत नाहीत, हे मी टेपने मोजून सिद्ध केलं होतं. मोजायला मला दोन तास लागले. आलेखाच्या कागदावर एका फुटाला एक सेंटिमीटर या प्रमाणात बाहेरच्या खोलीचा नकाशा काढला आणि खाली लाल शाईने लिहिलं: जागा कमी पडते, एक फूट आठ इंच. त्या आकड्यात चूक नव्हती. नंतर तीनदा ताळा करून पाहिला, तेवढाच आला. तरीही माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात मोठी चूक त्याच कागदावर होती, आणि ती सापडायला मला पाच महिने लागले. कशी सापडली ते आठवलं की अजून मी थक्क होतो.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेला भाग मोजायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा, हे सत्तावीस वर्षं करतोय. या कामाने माणसाचा स्वभाव बनतो की असा स्वभाव असलेली माणसंच या कामाला जातात, ते मला माहीत नाही. बायकोचं मत दुसरं आहे.

आमचं घर वडगाव शेरीत आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत आम्ही दोघं, बाहेरच्या खोलीत मुलीचा दिवाण. मुलगी खराडीला नोकरी करते आणि घरी आली की पहिला तासभर कुणाशीच बोलत नाही. सासूबाई सातारा जिल्ह्यात, मिशनच्या आवारातल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. तिथल्याच दवाखान्यात त्या नर्स होत्या. निवृत्त झाल्या, सासरे गेले, तरी आवार सोडलं नाही. मग काचबिंदू झाला. उजवा डोळा पूर्ण गेला आणि डाव्याने त्यांना नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं.

मे महिन्यात चहा करताना त्यांच्या पदराने पेट घेतला. शेजारीण समोरच कपडे वाळत घालत होती, तिने ओली चादर टाकली म्हणून निभावलं. शेजारणीनेच फोन करून हे कळवलं. सासूबाई स्वतः फोनवर म्हणाल्या, "काही नाही गं, साडी जुनीच होती."

बायकोने त्या दिवशी फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आईला इकडे आणू या."

मी म्हणालो, "बघतो."

आणि मी खरंच बघितलं, म्हणजे मोजलं. बाहेरची खोली चौदा बाय दहा. मुलीचा दिवाण, सोफा, जेवणाचं टेबल, कपाट, खिडकीखाली माझं लोखंडी टेबल. सासूबाईंची खाट सहा बाय तीन. शिवाय ज्यांना बाजूचं दिसत नाही त्यांना चालायला निदान अडीच फुटांची मोकळी वाट हवी, नाहीतर ठेचकाळतील. हा विचार मी त्यांच्या भल्यासाठीच केला होता, हेही खरं आहे. सोफा हलवून पाहिला, कपाट आत नेऊन पाहिलं, जेवणाचं टेबल भिंतीला घडी करून लावायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, मी खाली झोपते. तिला म्हटलं, आयुष्यभर खाली झोपशील का? सगळं करून एक फूट आठ इंच कमी.

तो कागद मी बायकोपुढे ठेवला. तिने पाहिला. बराच वेळ पाहिला. मग घडी घातली आणि म्हणाली, "बरोबर आहे."

एवढंच बोलली. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही, डबा वेळेवर. पण जे बोललं नाही तर घर चालत नाही, तेवढंच बोललं जायचं, आणि तेही बोलण्याची एक चमत्कारिक रीत आमच्याकडे सुरू झाली. ती सांगायची मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला कौटुंबिक प्रार्थना होते. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केली. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचा, एक गीत म्हणायचं, मग प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची: आधी मुलगी, मग बायको, शेवटी मी. सव्वीस वर्षं झाली. आजारपणं आणि प्रवास सोडले तर नऊ हजारांवर संध्याकाळी आम्ही एकत्र डोळे मिटलेले आहेत. हा आकडा मी एकदा काढला तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना. कुठलंही यंत्र इतक्या वेळा एकच फेरा करून इतकं कमी झिजत नाही.

तर बोलणं बंद असलं तरी प्रार्थना बंद करायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती. आणि मग प्रार्थनेतूनच निरोप जाऊ लागले. बायको म्हणायची, "हे प्रभू, उद्या सोसायटीचं पाणी सकाळी सातला जाणार आहे. ज्यांना अंघोळीला पाऊण तास लागतो त्यांना सुबुद्धी दे." मग माझी पाळी. मी म्हणायचो, "हे प्रभू, डब्यात सलग तिसऱ्या दिवशी दुधी आला, त्याबद्दलही आम्ही तुझे उपकार मानतो." दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, "हे दयाळू बापा, भाजी आणायला जे जातात, त्यांना मंडईत दुधीशिवायही काही दिसो."

मुलीने आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी तिची प्रार्थना अशी होती: "हे प्रभू, या दोघांचे मेसेज एकमेकांना फॉरवर्ड कर. आमेन."

आम्ही दोघंही हसलो नाही. हसलो असतो तर तिथेच संपलं असतं.

पण बायकोच्या प्रार्थनेत एक वाक्य असं होतं, ज्यात टोमणा नसायचा. रोज, शेवटी, आवाज थोडा खाली आणून ती म्हणायची, "आणि माझ्या आईला सांभाळ." आणि मी म्हणायचो, "आमेन." जून ते नोव्हेंबर, साधारण दीडशे संध्याकाळी मी त्या वाक्याला आमेन म्हटलं. आमेन म्हणजे तसंच होवो. जे होणं माझ्या हातात होतं, ते तसंच होवो असं मी देवाला दीडशे वेळा सांगितलं, आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

आता देवळाचं सांगतो. देऊळ म्हणजे आमचं चर्च. आमच्यातली जुनी माणसं देऊळच म्हणतात, मीही म्हणतो. आमची मंडळी, म्हणजे या देवळात येणारा समुदाय, लहान आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि लहानशा पेल्यात द्राक्षरस. पेले बोटाच्या पेराएवढे, आणि ते भोकं पाडलेल्या थाळ्यांत बसवलेले असतात. त्या थाळ्या भरणं हे मंडळीच्या समितीने माझ्यावर सोपवलेलं काम आहे. किती भरायचे हे मी अंदाजाने ठरवत नाही. उपासनेच्या सुरुवातीला मी दोन्ही बाजूंची डोकी मोजतो. पुरुष उजवीकडे बसतात, बायका डावीकडे. लहान मुलं वजा करतो, पाहुणे आले असतील तर विचारून घेतो आणि बरोबर तेवढेच पेले भरतो. माझ्या आधी हे काम करणारे दादा दर वेळी वीस-पंचवीस जास्त भरायचे आणि मग उरलेल्याचं काय करायचं म्हणून घुटमळत बसायचे. माझ्या काळात दोन-तीनच्या वर पेला उरलेला नाही.

आमच्याकडे शिकवण अशी आहे की घरच्या माणसाबद्दल मनात अढी असेल तर आधी ती मिटवावी, मग प्रभुभोजनाच्या मेजाकडे यावं. मी नियम पाळणारा माणूस. जुलैच्या पहिल्या रविवारी मी पुरुषांकडची थाळी फिरवली, सगळ्यांना दिलं आणि स्वतः घेतलं नाही. ऑगस्टमध्ये घेतलं नाही. सप्टेंबरमध्ये नाही. त्याचं मला दुःख होतं, पण खरं सांगायचं तर त्याखाली थोडा अभिमानही होता. मला वाटायचं, निदान मी तरी प्रामाणिक आहे. ती बघा, मनात एवढा राग आणि मेजाकडे जाऊन डोळे मिटून घेत असेल. मी तिला जाताना पाहिलेलं नव्हतं. थाळी हातात असली की मान खाली ठेवायची आणि समोरच्या हातांकडे बघायचं, बायकांकडे बघायचं नाही, हाही नियमच आहे. पण न बघता मी हे धरून चाललो होतो.

आणि एक गोष्ट मला छळत होती. उपासनेनंतर मी रिकामे पेले मोजायचो. पुरुषांकडचा एक भरलेला परत यायचा, तो माझा. पण बायकांकडूनही दर महिन्याला एक भरलेला यायचा. जुलैत अठ्ठावन्न भरले, सत्तावन्न रिकामे आले. ऑगस्टमध्ये चौपन्नातले त्रेपन्न. सप्टेंबरमध्ये साठातले एकोणसाठ. पहिल्यांदा वाटलं, मोजायला चुकलो. दुसऱ्यांदा वाटलं, एखादं बाप्तिस्मा न झालेलं पाहुणं माणूस मी जमेस धरतोय. पण पाहुणे दर महिन्याला बदलतात आणि फरक एकाचाच राहतो, हे कसं? कारखान्यात एखादा दोष दर खेपेला त्याच मापाने आला तर आम्ही त्याला योगायोग म्हणत नाही. कारण शोधतो. इथे मी थाळ्या तपासल्या, भोकं मोजली, एका थाळीला एक भोक जास्त आहे का तेही पाहिलं. नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला उपासनेनंतर थांबवून घेतलं. नोव्हेंबरात कुटुंब सप्ताह होता. दर वर्षी त्या आठवड्यात घर आणि संसार याच विषयावर उपासना होतात आणि शेवटच्या रविवारी एखादं जोडपं आपला अनुभव सांगतं.

"या वेळी तुम्ही दोघं," पाळकसाहेब म्हणाले. "सव्वीस वर्षं रोज प्रार्थना करणारं घर आपल्या मंडळीत दुसरं नाही. तरुण जोडप्यांना ऐकू दे. वीस मिनिटं बोला."

मी म्हणालो, "बघतो."

"बघतो काय? पत्रिका छापायला टाकतोय."

त्या संध्याकाळी मी प्रार्थनेत म्हणालो, "हे प्रभू, कुटुंब सप्ताहात आम्हा दोघांना बोलायला सांगितलं आहे." बायको लगेच म्हणाली, "प्रभू, ज्यांना बोलायचंय त्यांना बोलू दे." माझी प्रार्थना चालू असताना मधे बोलण्याची सव्वीस वर्षांतली तिची ती पहिली वेळ.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन झालं. बायकांकडे एकोणसाठ भरले होते. अठ्ठावन्न रिकामे आले.

देवळाच्या मागच्या खोलीत एक बाई पेले धुतात. निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठेतल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या, आणि जीभ तिथलीच. त्या धुवत होत्या, मी पुसत होतो. मी म्हणालो, "बाई, पाच महिने झाले. बायकांकडचा एक पेला भरलेला परत येतोय. कुठे चुकतंय तेच कळत नाही."

त्यांनी हात थांबवले नाहीत. "मोजणीत चूक नाही तुमच्या."

"मग?"

"मग काय मग. एक बाई घेत नाही."

"कोण?"

आता त्यांनी नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर न आलेल्या मुलाकडे पाहत असतील तसं. "अहो, एवढं डोकं-डोकं मोजता, आणि घरातलं एक माणूस कमी पडतंय ते दिसलं नाही?"

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. हातातला पेला मी फडक्यासकट ओट्यावर ठेवला.

"जुलैपासून," बाई म्हणाल्या. "डावीकडे, खांबाजवळ बसते. रांग उठली की बाकीच्यांना जायला वाट करून देते आणि परत बसते. पाचही वेळा. मी विचारलं नाही. आम्ही बायका विचारत नाही, धुतो."

मी बाहेर येऊन मागच्या पायरीवर बसलो. ऊन होतं. समोर लोक आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम करत होते, पोरं स्कूटरवर चढत होती. मी इतकाच विचार करत होतो की एका छपराखाली, चाळीस फुटांवर, पाच महिने, एकाच कारणासाठी दोन माणसं उपाशी बसली होती, आणि त्यातल्या एकाला वाटत होतं की तो एकटाच आहे. तिच्या मनात काय आहे हे मी टेप न लावताच ठरवून टाकलं होतं. आणि देव गप्प होता असंही नाही. त्याने माझ्या भाषेत सांगितलं होतं. दर महिन्याला, एक आकडा कमी करून. मला दुसरी कुठलीच भाषा ऐकू येत नाही हे त्याला माहीत असावं. त्या पायरीवर बसून मला जे वाटलं त्याला मी भीती म्हणू का आनंद, हे अजून ठरवू शकलेलो नाही.

दुपारी घरी जेवणं झाली. बायको आत पडली होती, मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. मी कपाटातून तो आलेखाचा कागद काढला. बायकोने घातलेली घडी तशीच होती. उलगडला आणि पहिल्यांदा तो तपासणाऱ्याच्या नजरेने पाहिला, काढणाऱ्याच्या नव्हे.

दिवाण, सोफा, कपाट, जेवणाचं टेबल, हे सगळं मी पेन्सिलने काढलं होतं, म्हणजे हलवून पाहता यावं. भिंती, दार आणि खिडकी शाईने. ती हलत नाहीत म्हणून. खिडकीखालचं माझं टेबल चार बाय दोन. तेही शाईने काढलेलं होतं.

पेन्सिलने खोडता येईल असं सगळं होतं, माझं टेबल सोडून. त्या टेबलावर मी काय करतो? मंडळीचं उपस्थितीचं बुक लिहितो, वीज गेली की टॉर्च शोधतो, रविवारी मोजपट्ट्या पुसतो. लग्नाआधीचं टेबल आहे. माझी सासू पेटलेल्या पदराने एकटी उभी होती आणि मी माझं टेबल भिंतीत धरलं होतं. टेबलाची रुंदी दोन फूट. कमी पडत होतं एक फूट आठ इंच. वजाबाकी मी केली नाही. करायची गरज नव्हती.

साडेसातला आम्ही तिघं बसलो. उतारा वाचला, गीत म्हटलं, मुलीने प्रार्थना केली, बायकोने केली. शेवटी आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि माझ्या आईला सांभाळ." माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. माझी पाळी आली. मी म्हणालो, "हे प्रभू," आणि पुढे काहीच येईना. मग मला वाटलं, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी बोलावं. मी डोळे उघडले.

बायकोचे डोळे उघडेच होते. मुलीचेही. सव्वीस वर्षं मी समजत होतो की सगळे मिटतात.

मी म्हणालो, "अगं, टेबल काढू या."

मुलगी म्हणाली, "कुठलं टेबल?"

"माझं. खिडकीखालचं. ते काढलं तर आजीची खाट बसते." मग मी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही माप सांगितलंत." मग म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही टेबल काढलं असतंत, मला माहीत आहे. न्याय म्हणून काढलं असतंत. आणि मग आई जन्मभर तुमच्या टेबलाच्या जागेवर झोपली असती. मला ती घरात यायला हवी होती हो. टेबलाच्या जागेवर नको होती."

मी तिला पेल्याचं विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना वाढत होतात आणि स्वतः घेत नव्हतात, ते मी जुलैतच पाहिलं. तुमच्यावर राग होता. आणि तुम्हाला तसं उपाशी पाहून पोटात तुटतही होतं. दोन्ही घेऊन पुढे कशी जाऊ? बसून राहिले."

म्हणजे तिने मला पाहिलं होतं. नियम मोडून, मान वर करून, दर महिन्याला. मी नियम पाळून तिला पाहिलं नव्हतं. मी मोजमापाच्या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे, पण त्या संध्याकाळी मला कळलं की माझ्याबरोबर एवढी वर्षं राहणाऱ्या या बाईचा एक कोपराही मी मोजलेला नाही. सात बाय सहाच्या पलंगावर शेजारी झोपणारं माणूस इतकं मोठं असू शकतं, याची मला कल्पनाच नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "माझंही. दुधी मी मुद्दाम करत होते."

मुलगी म्हणाली, "आमेन म्हणू का आता? भूक लागलीये."

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना फोन केला आणि सांगितलं की शेवटच्या रविवारी आम्हाला बोलता येणार नाही, सासूबाईंना आणायला जायचंय, सामानासाठी तिकडची गाडी ठरवलीय, तिला दुसरा दिवस जमत नाही.

"अहो, पत्रिका छापून झाली! नाव आहे तुमचं!"

मग त्यांनीच विचारलं, "कायमच्या आणताय का?"

"हो."

"जा, जा. इकडचं मी बघतो."

रविवारी पहाटे स्वारगेटहून एसटीने आम्ही दोघं गेलो. खिडकीशी ती, कडेला मी. तिघांच्या बाकावर आम्ही दोघंच होतो, तरी ती खांद्याला खांदा लावून बसली होती. शिरवळपर्यंत आम्ही विशेष काही बोललो नाही. पण ती शांतता वेगळी होती. पाच महिने मी एक शांतता ऐकली होती, आणि ही दुसरी. यांच्यात कानाला ऐकू येईल असा काहीच फरक नाही. तरी तो माणसाला चक्क अंगाला जाणवतो, हे कसं होतं मला समजत नाही.

सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. एक ट्रंक, एक वळकटी, काठी. पावलं ऐकून म्हणाल्या, "सलाम, जावईबापू."

"सलाम, आई. कसं ओळखलंत?"

"तुमची पावलं एकसारखी पडतात. माझ्या पोरीची एक लांब, एक आखूड." मग काठी दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, "जागा आहे का पण?"

बायकोने त्यांना कागदाबद्दल कधीच काही सांगितलेलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने ‘नाही’ अशी मान हलवली. तरी त्यांनी विचारलं. आपल्या जावयाला त्या सव्वीस वर्षं ओळखत होत्या.

मी म्हणालो, "आहे, आई."

"मोजलीत?"

"मोजली."

"किती आहे?"

"चार इंच जास्तच आहे."

त्या हसल्या. ज्या डोळ्याला काही दिसत नव्हतं, त्यालासुद्धा पाणी आलं. "पुष्कळ झाली," म्हणाल्या. "मला तेवढी लागणार नाही."

ठरवलेल्या गाडीने संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो. बाहेरची खोली त्यांनी काठीने आणि हाताने पाहून घेतली. दिवाणाची कड, सोफ्याचा हात, दाराची चौकट. खाटेपासून न्हाणीपर्यंत मोठ्याने पावलं मोजली: अकरा. परत येताना पुन्हा मोजली: अकरा. मी शेजारून चालत होतो आणि माझ्या मनात येत होतं, मी हीच खोली दोन तास मोजली आणि ती लहान निघाली. या बाईने पाच मिनिटांत मोजली आणि ती पुरेशी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती आवाजांनी. स्वयंपाकघरात दोघी बोलत होत्या. बोलणं काहीच नव्हतं. लापशीत गूळ किती घालायचा यावर वाद चालला होता. सासूबाई म्हणत होत्या, तुला लहानपणापासून हात सैल सोडायची सवय. बायको म्हणत होती, आणि तुला हात आखडायची. मग बायको हसली. पोटातून, मोकळं, लहान मुलीसारखं. सव्वीस वर्षांत मी तिचं हसणं पुष्कळ वेळा ऐकलं होतं, पण हे हसणं माझ्या घरात या आधी कधी आलंच नव्हतं. ते तिच्या आईपाशी ठेवलेलं होतं, साताऱ्याला. काल ट्रंकेबरोबर तेही आलं, आणि ते येणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनीची बस पावणेसातला नाक्यावर येते. घड्याळात साडेसहा झाले होते. मी उठलो नाही. पांघरूण छातीपर्यंत घेऊन, हालचाल न करता, श्वाससुद्धा हळू घेत पडून राहिलो.

"अगं, जावयांना उठव," सासूबाई म्हणाल्या. "कामाला जायचंय ना त्यांना?"

"उठलेत कधीच," बायको म्हणाली. "पडल्या पडल्या ऐकतायत आपलं."

थोडा वेळ चमच्याचा आवाज तेवढा आला.

"मग ऐकू दे," सासूबाई म्हणाल्या.